वापरलेल्या चार शेफलर डिश मिळत आहेत. ३०० मुलांच्या स्वयंपाकाला वाफ पुरेल का?

सांगोला_वसतिगृह:

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यातल्या ३०० मुलांच्या वसतिगृहासाठी सल्ला हवा आहे. सध्या सगळा स्वयंपाक एलपीजीवर होतो. बडोद्याजवळच्या एका संस्थेने आपले सौर स्वयंपाकघर बंद केले आहे. १६ चौरस मीटरच्या ४ शेफलर डिश (सूर्याचा झोत एका स्थिर जागी टाकणाऱ्या आरशांच्या तबकड्या), रिसीव्हर (झोत पडतो ते पाणी तापवणारे भांडे) आणि हेडरसकट (वरची पाणी-वाफेची टाकी), फक्त वाहतुकीच्या खर्चात द्यायला ते तयार आहेत. तीन वर्षे नुसत्या उभ्या आहेत. चारही 'उभ्या' प्रकारच्या, म्हणजे रिसीव्हरच्या उत्तरेला बसणाऱ्या. जोडणी करून देणारा सांगतो की ६४ चौरस मीटर म्हणजे ६४ किलोवॅट, दोन्ही वेळचा गॅस बंद.

दुपारी तांदूळ ३० किलो, तूरडाळ ९ किलो, भाजी ३० किलो. रात्रीही तेवढेच. भाकरी वेगळ्या शेगडीवर. बोअरचे पाणी जड, टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅम) १,१०० च्या आसपास. मोकळी जागा स्वयंपाकघरापासून ३० मीटरवर आहे, नाहीतर गच्ची. मे महिन्यात वसतिगृह बंद असते.

चार डिश पुरतील का? जुन्या मालात काय तपासायचे? आणि असे संच काही वर्षांत बंद का पडतात? आसपास दोन ठिकाणी नुसते सांगाडे उभे दिसतात.

———

खानावळ_हिशेब:

आधी ते ६४ किलोवॅट बाजूला ठेवा. शेफलर डिश सूर्याकडे तोंड करून सरळ बसत नाही, तिरकी बसते. झोत बाजूला, स्थिर जागी टाकायचा असल्यामुळे ते अटळच आहे. म्हणून १६ चौरस मीटर हे आरशाचे क्षेत्रफळ झाले. सूर्याला दिसणारे क्षेत्रफळ त्याहून कमी असते. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास ते साधारण ११.७ चौरस मीटर भरते. त्यातून आरशाचे परावर्तन, काठाबाहेर सांडणारा प्रकाश, रिसीव्हरची उष्णता गळती हे सगळे वजा केल्यावर वाफेत उतरते निम्मे. थेट ऊन चौरस मीटरला ६५० वॅट धरले तर एका डिशमागे ३.८ किलोवॅट. चारांचे मिळून १५. चौसष्ट नव्हे, पंधरा.

आता गरज. भाताला ३० किलो तांदूळ आणि ६६ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे ७ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. वरणाला, ५५ लिटर पाणी धरून, ५ युनिट. भाजीला पावणेचार. एकूण १६. पातेली तापणे, उकळत ठेवणे, झाकणातून जाणारी वाफ यासाठी चाळीस टक्के वाढवा: २२ युनिट. पाइपात २ जातात. हेडरमध्ये १०० लिटर पाणी असेल तर सकाळी ते गार अवस्थेतून ११० अंशांवर न्यायला एकट्यालाच १० युनिट लागतात. हेडर चांगला गुंडाळलेला असेल आणि पाणी सकाळी ६५ अंशांवर मिळाले तर ५. म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत २९ युनिट.

मार्चमधल्या स्वच्छ दिवशी सकाळी ८ ते ११:३० या वेळात एक डिश साधारण १२ युनिट देते. चारांचे ४८. वर बरीच शिल्लक दिसते, पण तिच्यावर विसंबू नका. आरसे धुळीने माखले की पंधरा-वीस टक्के सहज जातात, फोकस हलला की तेवढेच आणखी. सांगोल्याची धूळ लक्षात घेता ही शिल्लक चैन नाही, गरज आहे.

रात्रीचे जेवण याच वाफेवर हवे असेल तर शिजवणे दुपारी दोनला सुरू करून साडेचारला संपवावे लागेल. त्यानंतर ऊन उतरते. तोवर झालेले अन्न ६५ अंशांच्या वर गरम ठेवायची सोय नसेल तर हा बेत करू नका; साडेचारला शिजवलेले वरण सातपर्यंत कोमट ठेवणे म्हणजे पोट बिघडवण्याची तयारी. मी तरी रात्रीसाठी फक्त गरम पाणी याच्यावर घेईन. भाताचे आधण ८० अंशांवर मिळाले तरी गॅसचा मोठा वाटा वाचतो.

वाचणारा गॅस: एका जेवणाच्या २२ युनिटना, शेगडीची कार्यक्षमता ५५ टक्के धरून, ३ किलोच्या थोडा वर एलपीजी लागतो. दुपारचे पूर्ण आणि रात्रीचे अर्धे धरले तर उन्हाच्या दिवशी साडेचार-पाच किलो. ऑक्टोबर ते एप्रिलमधले १६० चांगले दिवस धरा. वर्षाला १९ किलोचे चाळीस सिलिंडर. तुमच्या दराने गुणा आणि वाहतूक, पाया, पाइप यांच्या खर्चाशी ताडून बघा. जून ते सप्टेंबर शून्य धरा. ढगातून येणाऱ्या पसरट उजेडावर डिश चालत नाही.

पडताळा हवा असेल तर शिर्डीचा घ्या. २००९ साली तिथल्या प्रसादालयावर १६ चौरस मीटरच्या ७३ डिश बसल्या, आणि जाहीर आकडा दिवसाला साडेतीन टन वाफेचा आहे. डिशमागे ४८ किलो. वरच्या हिशेबाने भरपूर उन्हाच्या दिवशी ४५ च्या आसपास येतात.

———

ध्रुवाक्ष:

वरचा हिशेब ठीक आहे, पण तुमच्याकडे सगळ्या उभ्या डिश आहेत, तिथे ऋतूप्रमाणे मोठा फरक पडतो. उभ्या डिशचे दिसणारे क्षेत्रफळ डिसेंबरात १३.६ चौरस मीटर होते आणि जूनमध्ये ९.२ वर येते. रिसीव्हरच्या दक्षिणेला आडव्या झोपलेल्या डिशचे नेमके उलट. म्हणून बारा महिने चालणाऱ्या स्वयंपाकघरात एक उभी आणि एक झोपलेली अशी जोडी लावतात. दोघींची बेरीज वर्षभर २३ च्या आसपास स्थिर राहते. तुम्हाला जोडीची गरज नाही. मे सुट्टीत जातो, जून ते सप्टेंबर पावसात. उरलेल्या महिन्यांत, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उभी डिशच जास्त देते. चारही उभ्या मिळणे हा तुमच्यासाठी योगायोगाने चांगला सौदा आहे.

वाईट बातमी अशी, की त्या बडोद्याच्या आहेत. डिश ज्या आसाभोवती फिरते तो पृथ्वीच्या आसाला समांतर हवा, म्हणजे जमिनीशी त्याचा कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका. बडोदा २२.३, सांगोला १७.४. जुने स्टँड जसेच्या तसे पायावर ठेवले तर जवळजवळ ५ अंशांची चूक राहते. दुपारी फोकस बरोबर लावला तरी सकाळी ९ ला आणि दुपारी ३ ला ठिपका साधारण १० सेंटिमीटर सरकलेला असतो, रिसीव्हर ४ मीटरवर धरून. ठिपक्याचा व्यास ३० आणि रिसीव्हरचे तोंड ४५ असेल तर एका बाजूने झोत बाहेर पडू लागतो. त्यामुळे स्टँडचे मागचे पाय कापून किंवा पायाची उंची बदलून कोन १७.४ करा. डिजिटल कोनमापक आसाच्या नळीवरच ठेवा, चौकटीवर नको. चौकट वाकलेली असू शकते. कोन बदलला की रिसीव्हरची उंचीही बदलते, कारण फोकस आसाच्या सरळ रेषेतच असतो. हेडरचे खांब त्यानंतरच ओता.

उत्तर दिशा होकायंत्राने काढू नका. शेजारी एवढे लोखंड असताना सुई काय दाखवेल याचा नेम नाही. ओळंब्याची सावली घ्या. सांगोल्याचा रेखांश सुमारे ७५.२, प्रमाणवेळेचा ८२.५; फरक ७.३ अंश, अंशाला ४ मिनिटे, म्हणजे २९ मिनिटे. सरासरी माध्यान्ह १२:२९ ला. त्यात तारखेची दुरुस्ती: ११ फेब्रुवारीच्या सुमारास माध्यान्ह १२:४३ ला येते, ३ नोव्हेंबरला १२:१३ ला. त्या मिनिटाला ओळंब्याच्या दोरीची सावली जमिनीवर चुन्याने आखा. तीच उत्तर-दक्षिण रेषा. घड्याळ बाराला बघून आखलेली रेषा फेब्रुवारीत बऱ्याच अंशांनी चुकते.

उभे केल्यावर तपासणी एकाच स्वच्छ दिवसात होते. हंगामी दांडे (ऋतूप्रमाणे डिशचा झुकाव आणि आकार बदलणारे) दुपारी लावा, मग त्यांना हात लावू नका. सकाळी ९ आणि दुपारी ३ ला ठिपक्याची जागा रिसीव्हरच्या पत्र्यावर खडूने टिपा.

दोन्ही वेळा ठिपका एकाच दिशेला सरकला तर आसाचा कोन चुकला आहे.
सकाळी एका बाजूला आणि दुपारी विरुद्ध बाजूला सरकला तर उत्तर दिशा चुकली आहे.
दिवसभर सारखाच बाजूला राहिला तर हंगामी दांडे किंवा रिसीव्हरची जागा.
जसजसा वेळ जातो तसा मागे पडत गेला तर फिरवणारी मोटर किंवा तिचा टायमर. डिश तासाला १५ अंश फिरायला हवी. ४ मिनिटे थांबली तरी ठिपका ७ सेंटिमीटर जातो.

बहुतेक जण या चारही दुखण्यांवर एकच औषध करतात, दांडे पिळतात. त्यात डिशचा आकार बिघडतो. शेफलरची खुबी हीच की ऋतूप्रमाणे डिश नुसती झुकत नाही, तिची चौकट थोडी वाकवून परवलयाचा आकारही बदलावा लागतो. वोल्फगांग शेफलर यांनी १९८६ मध्ये केनियात पहिली डिश उभी केली तेव्हापासून तत्त्व हेच आहे. झुकाव सूर्याच्या क्रांतीच्या (सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे त्याच्या) निम्मा, आणि वरचा-खालचा दांडा त्या दिवसाच्या खुणेवर. मार्च आणि सप्टेंबरात क्रांती दिवसाला ०.४ अंशाने बदलते, तेव्हा एक दिवसाआड दांडे लावा. डिसेंबरात दहा दिवस हात लावला नाही तरी चालते.

जुने आरसे आणि चौकट तपासायची एक सोपी रीत आहे. दांडे शून्य क्रांतीवर ठेवा आणि डिश सकाळी सहाच्या स्थितीत फिरवा. तेव्हा ती सरळ पूर्वेकडे, क्षितिजाला समांतर बघते. रिसीव्हरच्या तोंडावर गडद लाल कापड बांधा. संध्याकाळी, सूर्य पश्चिमेला आणि डिशच्या पाठीमागे असताना, पूर्वेला ८०-१०० मीटरवर उभे राहून दुर्बिणीतून बघा. डिश लाल भरलेली दिसली पाहिजे. जिथे आकाश किंवा जमीन दिसते ते आरसे चुकीच्या दिशेला आहेत. एखादा आरसा सुटा चुकला असेल तर पॅड बदलून बसवता येतो. अख्खी एक बाजू चुकलेली दिसली तर चौकट पिरगळली आहे. ती डिश आणूच नका. ही तपासणी बडोद्यातच करा, ट्रक भरायच्या आधी.

काळे पडलेले काठही तिथेच मोजा. काचेच्या मागची चांदी ओलाव्याने कडेकडून खाल्ली जाते. दहात एक आरसा गेला असेल तर बदला, चारात एक गेला असेल तर सगळेच बदलावे लागणार असे समजून चाला.

———

पत्रा_पॅनेल:

विषय थोडा तोडतो. आज नव्याने करायचे असेल तर डिश कशाला? १० किलोवॅटचे सोलर पॅनेल दिवसाला ४० युनिटच्या आसपास वीज देते, ढगाळ दिवशीही काहीतरी देते, सुट्टीत वीज ग्रिडला जाते. इंडक्शनची मोठी शेगडी ८५ टक्के उष्णता पातेल्यात टाकते. फोडणीही त्यावरच. रोज ठिपका बघायला माणूस नको.

———

खानावळ_हिशेब:

नव्या खरेदीसाठी तुमचे म्हणणे मला मान्य आहे. इथे डिश फुकट आहेत आणि पॅनेल विकत घ्यावे लागेल, एवढाच फरक. शिवाय अडीच तासांत २२ युनिट शिजवायचे म्हणजे ९-१० किलोवॅटचा भार, थ्री-फेज जोडणी आणि त्या वेळी वीज असण्याची खात्री. ज्यांच्याकडे ही खात्री आहे त्यांनी पॅनेलच घ्यावे. डिशची खरी जागा जिथे दिवसभर वाफ किंवा खूप गरम पाणी लागते तिथे: मोठी प्रसादालये, डेअरी, धुलाई. आयआयटी मुंबईच्या शिरीष केदारे यांच्या संशोधनातून आलेली १६९ चौरस मीटरची 'अरुण' डिश लातूरच्या डेअरीत दूध पाश्चरायझेशनसाठी बसली होती, ती त्याच कारणाने.

फोडणी वाफेवर होत नाही, हे मात्र सांगोल्याच्या मंडळींनी लिहून ठेवा. अर्ध्या किलो दाबाची वाफ १११ अंशांची. मोहरी त्यात तडतडणार नाही. फोडणीला गॅस राहणारच.

———

वाफ_लाइन:

मूळ प्रश्नातल्या शेवटच्या वाक्याकडे येतो: संच बंद का पडतात. आरशांमुळे क्वचितच. पाण्यामुळे, पाइपामुळे आणि ट्रॅपमुळे (वाफ अडवून पाइपात साठलेले पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व).

पाणी. वाफ थेट पातेल्यात सोडणार असाल तर ती परत येत नाही, सगळे पाणी नवे. तुमच्या दोन जेवणांना रोज ८० लिटर. टीडीएस १,१०० म्हणजे रोज ८८ ग्रॅम क्षार हेडरमध्ये मागे राहतात. १०० लिटरच्या हेडरचा टीडीएस दिवसाला ८८० ने चढतो. तीन दिवसांत ३,५०० ओलांडतो, मग पाणी फेसाळते, फेस वाफेबरोबर पाइपात जातो आणि भाताला खारट-मचूळ चव येते. लोक तांदळाला दोष देतात. बोअरच्याच पाण्यावर चालवायचे तर रोज ३७ लिटर तापलेले पाणी ब्लोडाउनने, म्हणजे हेडरच्या तळातून, सोडून द्यावे लागेल, म्हणजे मिळवलेल्या उष्णतेचा एक भाग गटारात. सॉफ्टनर लावून हे सुटत नाही. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, खवले धरत नाहीत, पण टीडीएस तेवढाच राहतो. छपराचे पावसाचे पाणी साठवले तर १६० दिवसांना १३ हजार लिटरची टाकी पुरते. तुमच्या भागात याहून स्वस्त उपाय मला दिसत नाही. आरओ घेतला तर नुसते आरओचे पाणी घालू नका, ते किंचित आम्लधर्मी असते आणि लोखंडी हेडर आतून खाते. थोडे मऊ केलेले पाणी मिसळून टीडीएस २०० च्या आसपास ठेवा, मग रोज ५ लिटर ब्लोडाउन भागते. तो सकाळी, डिश फोकसवर आणण्याआधी करा. रात्रभरात गाळ तळाशी बसलेला असतो.

वाफ अन्नात जाणार आहे, त्यामुळे बॉयलरवाल्यांची नेहमीची रसायने यात चालत नाहीत.

पाइप. उघडा ४० मिलिमीटरचा पाइप ११० अंशांवर मीटरला १३० वॅटच्या आसपास उष्णता हवेत टाकतो. तुमचे अंतर ३० मीटर. झाले ३.९ किलोवॅट, म्हणजे चारपैकी एक अख्खी डिश निव्वळ पाइप तापवत बसणार. ५० मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा लावला की तेच ०.६ किलोवॅटवर येते. व्हॉल्व आणि फ्लँजही गुंडाळा, तिथेच लोक आळस करतात. पहिल्या पावसाळ्यात पत्र्याच्या सांध्यातून पाणी शिरले की भिजलेले रॉकवूल उघड्या पाइपाइतकेच वाईट. सांधे खालच्या बाजूला ठेवा. व्यास ४० च्या खाली नेऊ नका. चार डिशची वाफ ताशी २१ किलोच असली तरी कमी दाबाच्या वाफेला जागा फार लागते, २५ च्या पाइपात दाब वाटेत जास्त घटतो.

उतार वाफेच्या दिशेने १०० ला १, म्हणजे ३० मीटरला ३० सेंटिमीटर. पाइप मध्ये कुठेही झोळ घेता कामा नये. झोळात साठलेल्या पाण्याला सकाळची पहिली वाफ ढकलते आणि बेंडवर हातोडा मारल्यासारखा दणका बसतो. गास्केट त्यानेच जातात.

ट्रॅप. जुन्या संचात थर्मोडायनामिक ट्रॅप असेल, नाण्याएवढी चकती असलेला, तर काढून टाका. त्याला चालायला पाव बारचा तरी दाबफरक लागतो, आणि सकाळी तुमच्याकडे तेवढाही नसतो. तो उघडाच राहतो किंवा हवेने गच्च बसतो. बॉल-फ्लोट ट्रॅप, हवा सोडण्याच्या सोयीसह, घ्या. पाइपातली रात्रीची हवा बाहेर गेली नाही तर वाफ पातेल्यापर्यंत पोचायलाच अर्धा तास जातो.

आणि एक गोष्ट जी नकाशात कोणी काढत नाही: व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे आत पोकळी झाली की बाहेरची हवा आत घेणारा व्हॉल्व. ढग आला किंवा डिश वळवली की हेडरमधली वाफ थंड होऊन पाणी होते आणि आत पोकळी तयार होते. वाफेची नळी वरणात बुडालेली असेल तर वरण उलटे पाइपात खेचले जाते. दुसऱ्या दिवशी वास येतो, आठवड्यात नळी बंद. प्रत्येक पातेल्याच्या नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व आणि हेडरवर व्हॅक्यूम ब्रेकर, दोन्ही हवेत. एकाने काम भागत नाही, नॉन-रिटर्नमध्ये डाळीचे टरफल अडकते.

जुना रिसीव्हर पाठवण्याआधी आतून बघा. खवले असतील तर ५ टक्के सल्फामिक ॲसिड, इनहिबिटर (ॲसिडला लोखंड खाऊ न देणारे रसायन) घालून, आणि नंतर धुण्याच्या सोड्याने धुवा. मग थंड पाण्याने दीडपट दाबाची चाचणी घ्या. हवेने चाचणी कधीही नाही.

———

सांगोला_वसतिगृह:

सर्वांचे आभार, चित्र बरेच स्पष्ट झाले. तीन शंका राहिल्या. हेडरच्या प्लेटवर डिझाइन दाब १० किलो लिहिला आहे. बॉयलरच्या परवान्याचे काय? गच्ची की जमीन? आणि भातात वाफ थेट सोडली तर पाण्याचे प्रमाण कसे धरायचे?

———

वाफ_लाइन:

परवाना. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या जागी आता २०२५ चा कायदा आहे. व्याख्येतली जुनी सूट सोपी होती: क्षमता २५ लिटरच्या आत, किंवा डिझाइन आणि कामाचा दाब दोन्ही चौरस सेंटिमीटरला १ किलोच्या आत असेल तर ते भांडे बॉयलर नाही. तुमचा हेडर २५ लिटरच्या वर. दाब अर्ध्या किलोवर चालवणार असलात तरी प्लेटवर १० आहे, त्यामुळे 'आम्ही कमी दाबावर चालवतो' एवढे म्हणून सुटका होत नाही. नवा हेडर १ किलोच्या आतल्या डिझाइनचा करून घ्या, सेफ्टी व्हॉल्व ०.७ वर, आणि रेखाचित्र घेऊन बाष्पके संचालनालयाच्या कार्यालयातून लेखी उत्तर घ्या. नवा हेडर लहानच करा. वर खानावळ_हिशेब यांनी दाखवले तसे, मोठा हेडर म्हणजे रोज सकाळी फुकट तापवायचे पाणी. चार डिशना ६० लिटर पाणी पुरते, मात्र पातळी कमी झाल्याची घंटा हवीच. कोरड्या रिसीव्हरवर झोत पडला तर काही मिनिटांत नळी वाकते. आणि हेडर लहान म्हणजे वर दिलेला टीडीएस आणखी भरभर चढतो, तेव्हा बोअरच्या पाण्याचा विचारच सोडा.

———

ध्रुवाक्ष:

जागा: जमीन. वाऱ्याचा हिशेब करा. ३९ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला चौरस मीटरवर सुमारे ९१० न्यूटन दाब, १६ चौरस मीटरवर दीड टन, आकाराचा गुणक धरण्याआधी. असे चार. जुन्या गच्चीच्या स्लॅबवर हे इंजिनिअरच्या सहीशिवाय चढवू नका. जमिनीवर पाया मोठा करता येतो, आरसे धुवायला शिडी लागत नाही, आणि मोटर बिघडली तर डिश हाताने वळवता येते. तोटा ३० मीटर पाइपचा, पण तो रॉकवूलने आटोक्यात राहतो.

चार डिश पूर्व-पश्चिम ओळीत लावताना अंतर सकाळच्या सावलीवरून ठरवा. सूर्य २० अंशांवर असताना ४ मीटर उंच डिशची सावली ११ मीटर पडते. दुपारच्या सावलीवरून अंतर ठरवले तर सकाळी साडेआठला, नेमके हेडर तापवायच्या वेळी, तीन डिश शेजारणीच्या सावलीत असतात.

वाहतुकीत आरशांवर ताडपत्री बांधा आणि ती उभी करून होईपर्यंत काढू नका. तोंड आभाळाकडे करून ट्रकमध्ये ठेवलेली डिश कुठेतरी ठिपका करतेच, आणि तो कुठे हे जळल्यावर कळते. उभ्या केल्यावरही खालचे गवत काढून मुरूम टाका, फोकसच्या वाटेत येणारी वायर पत्र्याच्या नळीत घ्या, आणि मुलांसाठी कुंपण. फोकसकडे बघताना वेल्डिंगचा काळा चष्मा.

धुणे आठवड्यातून एकदा, सूर्योदयापूर्वी, त्याच पावसाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने. बोअरच्या पाण्याचे थेंब वाळले की पांढरे डाग पडतात. कोरडी धूळ पुसली तर ओरखडे येतात, ते कायमचे.

———

खानावळ_हिशेब:

भाताचे उत्तर देतो. वाफ अन्नात थिजते तेव्हा पाणी बनून राहते. ३० किलो तांदूळ आणि त्याचे पाणी १०० अंशांवर न्यायला २५ मेगाज्यूल लागतात, किलोभर वाफ २.२७ मेगाज्यूल देते. झाले ११ लिटर पाणी वाफेतूनच. म्हणून ६६ च्या ऐवजी ५५ लिटर घाला. आधण आधीच ८० अंशांचे घेतले तर वाफेतून चार लिटरच्या आसपासच येतात, तेव्हा ६२ घाला. पाइपातले साठलेले पाणी पातेल्यात येऊ देऊ नका. नळी आधी बादलीत सोडा, खडखड थांबून स्वच्छ वाफेचा सूं आवाज आला की मग भातात. पहिले आठ दिवस पाणी मापून घाला आणि ढगाळ दिवशीचे आकडे वेगळे लिहा. त्या दिवशी वाफ ओली येते, भात गिचका होतो, आणि पाणी आणखी दोन-तीन लिटर कमी करावे लागते.